पाणबुड्याचा कमरपट्टा : दगडापासून रबरापर्यंत

नथीतला बसरा मोती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला जातो. बसरा हे बंदराचं नाव. मोती निघायचे ते इराणच्या आखातात, बहारीन, कुवेत, कतार या किनाऱ्यांवर, आणि तिथून मोठ्या प्रमाणात यायचे मुंबईच्या बाजारात. मोत्याचं पाणी, गोलाई, वजन यांवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण तो काढायला माणूस खाली कसा जात होता, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. मी गेली काही वर्षं पाणबुड्यांच्या साध्या, बिनयंत्राच्या साधनांचा माग काढतो आहे, आणि या चौकशीत मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी वस्तू निघाली ती म्हणजे पाणबुड्याच्या कमरेचं वजन.

पोहता न येणारा माणूस बुडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पोहता येणाऱ्याला मुद्दाम बुडणं किती कठीण जातं, हे मात्र पाण्यात डोकं खाली करून बघितल्याशिवाय कळत नाही. छातीभर श्वास घेतलेला माणूस समुद्रात तरंगतो. खाली जायचं तर पाय मारावे लागतात, पाय मारले की प्राणवायू खर्च होतो, आणि तळाशी पोहोचेपर्यंत वर यायची वेळ झालेली असते. म्हणून जगभरच्या अनेक पाणबुड्यांनी एकच उपाय केला. सोबत वजन घेतलं.

दगड आणि दोर

आखातातला मोती काढणारा पाणबुड्या म्हणजे ‘घैस’. त्याच्या नाकाला ‘फितम’ नावाचा चिमटा, गळ्यात शिंपल्यांची जाळीदार पिशवी, आणि पाय अडकवायला दोराला बांधलेला दगड किंवा शिशाचा गोळा. दोर सुटला की वजन त्याला सरळ तळाशी नेई. तळाला लागताच तो पाय सोडवून घेई आणि वजन वर ओढलं जाई. त्याच्यासाठी दुसरा दोर असे, आणि तो दोर नावेवर ज्याच्या हातात असे तो ‘सैब’. घैसनं दोराला झटका दिला की सैबनं ताबडतोब त्याला वर ओढायचं. श्रीलंका आणि तमिळनाडू यांच्यामधल्या मन्नारच्या आखातातही मोती काढायची पद्धत मुळात हीच होती.

भूमध्य समुद्रात स्पंज काढणारे ग्रीक पाणबुडे चपटा दगड हातात धरून उतरत. त्याला ‘स्कँडालोपेट्रा’ म्हणत. १९१३ मध्ये याच पद्धतीनं स्टॅथिस हाजी या स्पंजवाल्यानं इटलीच्या ‘रेजिना मार्गेरिता’ या युद्धनौकेचा हरवलेला नांगर कार्पाथोस बेटाजवळ सत्तर मीटरपेक्षा जास्त खोलीवर शोधून दोर बांधून दिला, अशी नोंद आहे. जपानच्या ‘आमा’ बायकांमध्ये ‘फुनादो’ नावाचा प्रकार आहे. त्या तेरा-चौदा किलोंचं वजन घेऊन खाली जातात आणि नावेवरचा जोडीदार, बहुतेक वेळा नवराच, त्यांना दोरानं वर खेचतो.

या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. वजन फक्त खाली जाण्यासाठी. वर येताना पाणबुड्या वजन वाहत नाही, आणि त्याला वर आणायची जबाबदारी नावेवरच्या माणसाची असते. खाली दगड आणि वर माणूस, असा तो व्यवहार होता. कमरपट्ट्यानं हा व्यवहार मोडला.

रबरी कपड्यांनी आणलेलं शिसं

निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत १९३० मध्ये तयार झालं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी फेसाळ निओप्रीनचा पाणबुड्यांसाठी पोशाख करायची कल्पना मांडली. त्या रबरात वायूचे लाखो बंद बुडबुडे असतात. तेच थंडी अडवतात, आणि तेच माणसाला वर उचलतात.

याचा परिणाम कोरियाच्या जेजू बेटावर स्पष्ट दिसतो. तिथल्या ‘हेन्यो’ बायका एका श्वासावर बुडी मारून शिंपले, समुद्री गोगलगायी, शेवाळ काढतात. युनेस्कोनं २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेला वारशाच्या यादीत स्थान दिलं. पूर्वी त्या सुती कपड्यांत उतरत आणि थंडीच्या दिवसांत थोड्याच वेळात शेकोटीकडे परतत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोमुओत’, म्हणजे शब्दशः रबरी कपडे, आले. कामाचे तास वाढले. पण रबर घातलेली बाई खाली जाईना, म्हणून कमरेला शिशाचा पट्टा आला. ना दोर, ना ओढणारा. वजन घेऊन खाली जायचं आणि तेच वजन घेऊन स्वतःच्या बळावर वर यायचं.

बादलीतला हिशोब

वजन किती लागतं आणि कशाचं, हे समजायला आर्किमिडीज पुरतो. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरतं. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनानं ती हलकी होते. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.८७, ग्रॅनाइटसारख्या दगडाची सुमारे २.७. म्हणजे हवेतलं एक किलो शिसं समुद्रात ९१० ग्रॅम भरतं, लोखंड ८७०, दगड ६२०. ताणकाट्याला दगड लटकवून तो बादलीत बुडवला तर काटा खाली येताना दिसतो. हे मी करून पाहिलं आहे, शाळकरी मुलांनाही दाखवावं असं आहे.

समजा, आपल्याला चार किलो शिशाचं काम हवं आहे. पाण्यात ते सुमारे ३.६४ किलो भरतं. तेवढाच परिणाम साधायला लोखंड ४.१८ किलो लागेल आणि दगड जवळजवळ ५.९ किलो. आकार बघितला तर शिसं ३५० घनसेंटिमीटर, लोखंड ५३०, दगड दोन लिटरच्या वर. दगड कमरेला का बांधत नाहीत, हे इथे कळतं. आणि लोखंड आपल्याला वाटतं तितकं मागे नाही, हेही कळतं.

आता पोशाखाचा हिशोब, ढोबळ. पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट अंगाचा १.६ चौरस मीटर भाग झाकत असेल तर त्याचं आकारमान आठ लिटर. त्यानं सारलेलं पाणी ८.२ किलो, स्वतःचं वजन समजा दोन किलो. म्हणजे सूट सहा किलोंनी वर उचलतो. आपल्या कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात पातळ सूट किंवा नुसता अंगाला चिकटणारा शर्ट चालतो, म्हणून इथे वजनही कमी लागतं. परदेशी पुस्तकातला आकडा उचलून मालवणात वापरणं धोक्याचं आहे ते यासाठी.

नायलॉनचा पट्टा सरकतो का?

दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि बॉइलच्या नियमानं वायूचं आकारमान निम्मं होतं. वीस मीटरवर तिसरा हिस्सा, तीस मीटरवर चौथा. पाच मिलिमीटरच्या निओप्रीनमध्ये चार मिलिमीटर वायू आणि एक मिलिमीटर रबर असं धरलं, तर दहा मीटरवर सूट तीन मिलिमीटरचा होतो आणि तीस मीटरवर दोनचा. जाडी दोन मिलिमीटरनं घटली की कमरेचा घेर साडेबारा मिलिमीटरनं घटतो; तीन मिलिमीटरनं घटली की जवळजवळ एकोणीस. श्वास रोखून गेलेल्या माणसाची फुप्फुसंही आक्रसतात, त्यामुळे पोट आत जातं, ते वेगळं. दोन-चार सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

नायलॉनची पट्टी ताणली जात नाही. वर घट्ट बांधलेली पट्टी खाली सैल पडते. स्कुबावाला बहुधा आडवा तरंगत असतो. त्याचा पट्टा फिरतो, बकल पाठीमागे जातं, तो थांबून नीट करू शकतो. श्वास रोखून उतरणारा मात्र डोकं खाली करून जातो. त्याचा पट्टा सरळ बरगड्यांवर घसरतो. तो सरकू नये म्हणून वर असतानाच करकचून आवळला तर पोटानं श्वास घेता येत नाही, आणि बुडीआधीचा शांत, खोल श्वास हेच तर त्याचं भांडवल.

रबर इथे कामाला येतं. कमर ८० सेंटिमीटर असेल तर पट्टा ७२ वर अडकवायचा, म्हणजे तो आठ सेंटिमीटर ताणलेला राहतो. खोलवर कमर ७६ झाली तरी चार सेंटिमीटर ताण शिल्लक असतो. पट्टा नितंबांच्या हाडांवर बसतो, पोट मोकळं राहतं. रबरी कपड्यांनी वर उचललेल्या माणसाला शिसं खाली नेतं, आणि ते शिसं जागेवर धरायला पुन्हा रबरच लागतं.

यातून खर्चाचा पहिला निर्णय निघतो. पातळ सूट घालून टाकीसह आठ-दहा मीटरवर काम करणाऱ्याला रबरी पट्ट्याची गरज नाही. पाच सेंटिमीटर रुंदीची नायलॉनची पट्टी आणि चांगलं बकल पुरेसं आहे. फक्त त्यानं एक लक्षात ठेवावं. अकरा लिटरच्या भरलेल्या टाकीतली हवा सुमारे अडीच किलोंची असते, आणि ती संपत जाते तसा माणूस हलका होतो. रबराची खरी गरज एका श्वासावर बुडी मारणाऱ्याला आहे. खडकावरची कालवं काढणारा, अडकलेला नांगर सोडवणारा, होडीच्या पंख्यात गुंतलेलं जाळं कापणारा. याच्याकडेच पैसे कमी असतात.

स्वस्त रबर कुठलं?

“काका, ह्या पट्ट्याक इतके पैसे कित्याक?” असं मला मालवणच्या किनाऱ्यावर एकानं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. युरोपातल्या दुकानांत असा पट्टा साधारण २५ ते ५० युरोंना मिळतो, वर पाठवणी आणि जकात. वस्तू म्हणून बघितली तर ती पाच सेंटिमीटर रुंद, तीन-चार मिलिमीटर जाड रबराची पट्टी आणि एक बकल आहे.

पर्याय शोधताना लोक पहिल्यांदा जातात ते कन्व्हेयर बेल्टच्या तुकड्यांकडे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या ठिकाणी असा माल मिळतो, स्वस्तही असतो. पण त्याच्या पोटात कापडाचे थर असतात. तो ताणला जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. आपल्या कामाचा नाही. दुसरं, गॅस्केटसाठी किलोवर विकली जाणारी रबर शीट. यात जुनं रबर आणि भराव जास्त असेल तर ती ताणल्यावर परतत नाही आणि दुमडली की भेगा पडतात. शुद्ध नैसर्गिक रबराची शीट मागून घेतली तर उत्तम पट्टा होतो.

तिसरं म्हणजे ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडे ती टाकाऊ म्हणून पडलेली असते, परिघानं कापली तर दोन मीटरहून लांब पट्टी निघते. जाडी कमी असते, म्हणून दोन पदर घ्यावे लागतात. बहुतेक ट्यूब बुटिल रबराच्या असतात. बुटिल हवा धरून ठेवतं, उन्हानं आणि ओझोननं लवकर फाटत नाही. पण त्याला उसळी कमी. नैसर्गिक रबर ताणून सोडलं की चटकन परततं, बुटिल सावकाश सरकत परततं. उथळ पाण्यात बुटिल चालतं. खोल आणि झपाट्यानं उतरणाऱ्याला नैसर्गिक बरं. उलट नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत उन्हात ठेवलं तर त्यावर आडव्या भेगा पडतात.

पारख घरी करता येते. पट्टीवर २० सेंटिमीटरची खूण करा, ३० पर्यंत ताणून रात्रभर खिळ्यांना अडकवून ठेवा. सकाळी सोडल्यावर थोड्या वेळात ती २१ च्या आत परतली तर ठेवा, नाहीतर फेकून द्या. मग घट्ट दुमडून घडीवर भिंगातून बघा. बारीक भेगा दिसल्या तरी ती पट्टी बाद.

कापताना पातं ओलं करावं, म्हणजे धार अडखळत नाही आणि कड सरळ येते. कडेला राहिलेला लहानसा खाचा हाच पुढे फाटण्याची सुरुवात असतो. भोकं चाकूनं चिरून पाडू नयेत. चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायचा पोकळ पंच वापरावा, कारण गोल भोकाभोवती ताण वाटला जातो आणि चिरेच्या टोकाला तो एकवटतो. वापरानंतर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत सुटा टांगावा. आणि होडीतल्या डिझेलपासून लांब ठेवावा. नैसर्गिक रबर तेलात फुगतं आणि कुजल्यासारखं होतं.

बकल : इथे काटकसर नको

रबरी पट्ट्यांना बहुधा ‘मार्सेल’ पद्धतीचं बकल असतं. दिसायला ते पँटच्या पट्ट्यासारखं, भोकात अडकणाऱ्या काट्याचं. फरक एवढाच की मोकळं टोक धरून एक हिसका दिला की काटा सुटतो आणि वजनासकट पट्टा खाली पडतो. एका हातानं, डोळे मिटून, हातमोजा घालून हे जमलं पाहिजे. पट्टा सगळ्यावरून, शेवटी बांधायचा, म्हणजे पडताना कशात अडकणार नाही. उरलेलं टोक लूपमध्ये खोचायचं नाही, गाठ तर कधीच मारायची नाही. एकत्र काम करणाऱ्या सगळ्यांची बकलं एकाच बाजूला सुटणारी असावीत, कारण बेशुद्ध माणसाचा पट्टा दुसऱ्यालाच सोडायचा असतो.

बाजारातलं मुलामा दिलेलं लोखंडी बकल खाऱ्या पाण्यात गंजून काटा अडकून बसतो. ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील घ्यावं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाचे खड्डे कमी पडतात. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही, दुकानदार काहीही म्हणो. ट्यूब फुकट मिळाली असेल तर वाचलेले पैसे इथे घालावेत.

शिशाचं दुखणं

वजनासाठी कोकणात शिसं नवं नाही. पाग फेकणाऱ्याच्या जाळ्याला खालून शिशाच्याच गोळ्या असतात. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे चुलीवरही. स्वस्तात वजन करायचं म्हणून जुन्या बॅटऱ्या फोडून घरामागे शिसं ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. बॅटरीत आम्ल असतं, शिशात मिसळलेले अँटिमनीसारखे पदार्थ असतात, आणि धुराची राख अंगणात, कपड्यांवर, भांड्यांवर बसते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा होतो. पाणबुड्याचे दोनशे रुपये वाचवण्याची किंमत घरातल्या रांगत्या मुलानं देऊ नये.

तयार ओतलेली वजनं घ्यावीत, त्यांना रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असावा, हाताळल्यावर हात धुऊनच भाकरीला लावावेत. शिसं नकोच असेल तर लोखंडी पट्टीचे तुकडे कापून, कडा घासून, गंजरोधक रंग देऊन वापरावेत. वर काढलेल्या हिशोबानं ते शिशापेक्षा शेकडा चार-पाचच जास्त लागतात. थोडे जाड होतात, एवढंच.

किती वजन पुरे?

दहा मीटरवर फुप्फुसातली सहा लिटर हवा तीन लिटर होते आणि पाच मिलिमीटरच्या सुटातलीही तीनेक लिटर जागा जाते. वर तरंगणारा माणूस तिथे सहा किलोंनी जड झालेला असतो. म्हणून श्वास रोखून उतरणाऱ्यानं पट्ट्यात एवढंच वजन घ्यावं, की निदान दहा मीटरपर्यंत तो तरंगण्याच्या बाजूला राहील. पाण्यावर उभं राहून सहज उच्छ्वास सोडल्यावरही डोकं वर राहिलं पाहिजे. न राहिल्यास एक लादी काढावी.

या नियमामागे जीव आहे. वर येताना दाब उतरतो तसा फुप्फुसातल्या प्राणवायूचा दाबही उतरतो, आणि शुद्ध हरपते ती बहुधा शेवटच्या काही मीटरांत, प्रकाश दिसू लागल्यावर. त्या क्षणी तरंगणारा माणूस पृष्ठभागावर येतो आणि जड माणूस परत तळाकडे जातो. दोन किलोंचा फरक एवढा मोठा असू शकतो.

आखातातल्या घैसचा जीव सैबच्या हातात होता. दोर ओढणारा माणूस ठेवणं, नाव थांबवून ठेवणं, हे सगळं खर्चाचं होतं, आणि कमरपट्ट्यानं तो खर्च वाचवला. पण सैबचं काम संपलं नाही. अर्धं बकलानं उचललं, आणि उरलेलं अर्धं बकलाला जमत नाही. शुद्ध हरपलेल्याचा हात पट्ट्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एक खाली, एक वर, ही जुनीच शिस्त रबरी पट्ट्यालाही लागू आहे. खर्चाचा क्रम लावायचा तर आधी बकल, मग रबर, शेवटी वजन. वर थांबलेल्या जोडीदाराला तर पैसे पडत नाहीत, आणि त्याच्याशिवाय पाण्यात उतरू नये.